सामाईक मिळकत

निपाणीसारख्या सीमेवरच्या गावात, जेथे रुग्णासाठी रक्त हवे झाले की नातलग कधी उत्तरेस कोल्हापूरकडे तर कधी दक्षिणेस बेळगावकडे धाव घेतात, तेथे एखाद्या कुटुंबावर मोठा विलक्षण प्रसंग ओढवू शकतो. प्राथमिक तपासणीत रुग्णाचा गट ‘ओ’ ठरतो, रक्तपेढीतून ‘ओ’ गटाची पिशवी काढली जाते, आणि जुळणी पाहण्यासाठी तिच्यातील तांबड्या पेशी रुग्णाच्या रक्तद्रवात मिसळताच त्यांच्या गुठळ्या होतात. दुसरी पिशवी घ्यावी तर तोच प्रकार. अशा रुग्णाचा गट ‘बाँबे’ असतो, आणि त्याला त्याच्याच गटाचे रक्त चालते.

या गटाची पहिली नोंद मुंबईचे डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी यांनी १९५२ साली केली. ‘लॅन्सेट’मधील त्या निबंधावर मुंबईकरांच्या जोडीने लंडनच्या रेस, सँगर, मॉर्गन व वॉटकिन्स यांचीही नावे आहेत, म्हणजे मुंबईतील मोजक्या इसमांच्या रक्ताचे गूढ एकट्या प्रयोगशाळेला उकलले नाही. एकोणिसाव्या गुणसूत्रावरील एका जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असल्या, म्हणजे तांबड्या पेशींवर ‘एच’ नावाचा घटक तयारच होत नाही, असे पुढे कळले. मुंबईत हे प्रमाण सुमारे ७,६०० माणसांमागे एक असे आढळले होते. मामाच्या मुलीवर हक्क सांगणारी आपली चाल आणि कर्नाटकाकडील मामा-भाचीचे विवाह यांमुळे एकाच पूर्वजाकडून आलेल्या दोन निकामी प्रती एका अपत्यात एकत्र येण्याचा संभव वाढतो, म्हणून ही गोष्ट आपल्या मुलखाला परकी नाही.

आता या गटाच्या दात्याची नोंद करावयाची झाल्यास त्याचे नाव, गाव आणि दूरध्वनी लिहून घ्यावाच लागतो, आणि तो राज्याची हद्द ओलांडून दुसऱ्या पेढीला कळवावाही लागतो, नाहीतर त्या नोंदीचा उपयोग काय? परंतु त्या एका ओळीत केवळ त्याचीच माहिती नसते. त्याच्या आईबापांपैकी प्रत्येकाकडे निकामी प्रत आहे हे त्यातून उघड होते, आणि आईबापांकडे अशी एकेकच प्रत असल्यास त्याच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाचाही हाच गट असण्याचा संभव चारांत एक इतका असतो. सामाईक जमिनीच्या उताऱ्यावर एका हिस्सेदाराने सही करावी आणि बाकीच्यांची हरकत कोणी विचारूच नये, तशी ही स्थिती आहे. रक्तगटापुरते हे सौम्य वाटेल. पण सिकलसेल किंवा थॅलेसेमिया यांची वाहक-नोंद सोयरिकीच्या बैठकीपर्यंत पोहोचली, तर सर्वस्वी निरोगी असलेल्या बहिणीचे लग्नही अडू शकते.

संशोधनासाठी नाव लागत नाही, ते काढून टाकावे, हा उपाय सहज सुचतो. तो पुरेसा मात्र नाही. वाय गुणसूत्रावरील खुणा आणि वंशावळींची खुली संकेतस्थळे यांची सांगड घालून अमेरिकेतील संशोधकांनी २०१३ साली निनावी नमुन्यांमागील सुमारे ५० माणसे हुडकून काढली, कारण आडनाव आणि वाय गुणसूत्र दोन्ही बापाकडूनच येतात. ज्या मुलखात आडनावावरून मूळ गाव आणि गावावरून भावकी सांगता येते, तेथे हे काम किती सोपे होईल, याची कल्पना वाचकानेच करावी.

म्हणून सारे कुलूपबंद ठेवावे, असे मला वाटत नाही. आपल्या लोकांची जनुकीय माहिती जगाच्या संग्रहांत नसेल, तर त्या संग्रहांवर बेतलेली निदाने आपल्यालाच लागू पडणार नाहीत. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाने ८० हून अधिक समाजगटांतील सुमारे १०,००० व्यक्तींच्या जनुकसंचाचे वाचन केले, आणि ९ जानेवारी २०२५ रोजी ती माहिती फरिदाबादच्या केंद्रातून संशोधकांना खुली झाली. खुली म्हणजे चव्हाट्यावर नव्हे, तर रीतसर अर्ज, त्याची छाननी आणि करार या मार्गाने. हा शिरस्ता मला योग्य वाटतो. उणीव कायद्यात आहे: वैयक्तिक माहितीच्या २०१९ च्या विधेयकात जनुकीय माहितीला ‘संवेदनशील’ असा स्वतंत्र दर्जा होता, तो २०२३ च्या अधिनियमातून गळाला, आणि संशोधनाला त्यात सवलतही मिळाली.

दात्याच्या गावाचाही विचार करावा लागतो. अमेरिकेतील हवासुपाई या आदिवासींनी मधुमेहाच्या अभ्यासाकरिता रक्त दिले. ते त्यांना न विचारता स्किझोफ्रेनिया आणि स्थलांतर यांच्या अभ्यासासाठी वापरले गेले, आणि २०१० साली अभ्यास करणाऱ्या विद्यापीठाला तडजोड करून नुकसानभरपाई द्यावी लागली व नमुने परत करावे लागले. निपाणीत उद्या कोणी नमुने गोळा करू लागला, तर संमतिपत्र मराठीत आणि कन्नडात असावे, ज्याला वाचता येत नाही त्याला साक्षीदारासमक्ष वाचून दाखवावे, आणि पुढे ती माहिती कोणास व कशासाठी दिली याचा लेखी हिशेब वर्षातून एकदा गावात यावा. संमती मागे घेता येते असे अशा पत्रांत बहुधा छापलेले असते. पण एकदा दुसऱ्या संस्थेच्या हाती जाऊन निष्कर्षांत मिसळलेली माहिती परत येत नाही, हे वाक्य शेवटच्या कलमात बारीक अक्षरांत न ठेवता सहीच्या अगदी वर, ठळक अक्षरांत छापले पाहिजे.