लहान मात्रा लागू पडते का?

अंगभर ठणका, झोपून उठल्यावरही न गेलेला थकवा आणि तपासण्यांचे अहवाल मात्र ‘नॉर्मल’. फायब्रोमायल्जियाच्या रुग्णांना आपले दुखणे घरच्यांनाही पटवून द्यावे लागते. नेहमीच्या वेदनाशामकांची मात्रा चालेनाशी झाली की ते दुसरा उपाय शोधू लागतात. त्या शोधात अलीकडे एक नाव वारंवार कानावर येते : एलडीएन, म्हणजे लो डोस नालट्रेक्सोन. क्रोन्स आणि मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या ऑटोइम्यून आजारांचे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते अशा आजारांचे रुग्णही त्याबद्दल डॉक्टरांना विचारतात.

औषध नवे नाही. अफूवर्गीय पदार्थांच्या व्यसनावरील उपचारासाठी अमेरिकेत १९८४मध्ये त्याला मंजुरी मिळाली आणि १९९४मध्ये दारूच्या व्यसनासाठीही. हेरॉइन किंवा मॉर्फिन पेशींवरील ज्या रिसेप्टरना चिकटून परिणाम घडवतात, तिथे नालट्रेक्सोन आधीच ठाण मांडते. त्यामुळे नशा चढत नाही. या कामासाठी रोजची नेहमीची मात्रा ५० मिलिग्रॅम. एलडीएनमध्ये ती साधारण १ ते ५ मिलिग्रॅम, बहुधा ४.५ मिलिग्रॅम असते. म्हणजे जवळपास अकरावा हिस्सा. न्यूयॉर्कचे डॉक्टर बर्नार्ड बिहारी यांनी १९८०च्या दशकात एड्सच्या रुग्णांना अशी अल्प मात्रा देऊन पाहिली आणि तिथून ही कल्पना पसरली.

एवढीशी मात्रा करते तरी काय? एक तर्क असा, की रिसेप्टर काही तासच अडवले गेल्याने शरीर स्वतःची नैसर्गिक वेदनाशामके, म्हणजे एंडॉर्फिन्स, जास्त तयार करते. दुसरा तर्क मेंदू आणि मज्जारज्जूतील मायक्रोग्लिया या पेशींचा आहे. त्या चेतल्या की दाह आणि वेदना वाढवणारी रसायने सोडतात आणि नालट्रेक्सोन त्यांना शांत करते, असे प्रयोगशाळेतील अभ्यास सुचवतात. माणसाच्या शरीरात नेमके हेच घडते, हे अजून सिद्ध झालेले नाही.

रुग्णांवरील पुरावा उमेद वाढवणारा आहे, पण अपुरा. स्टॅनफर्ड विद्यापीठात जॅरेड यंगर यांनी फायब्रोमायल्जिया असलेल्या ३१ महिलांवर केलेला प्रयोग २०१३मध्ये प्रसिद्ध झाला. औषध घेताना वेदना सरासरी २८.८ टक्के कमी झाली. औषध नसलेल्या, पण तशाच दिसणाऱ्या गोळीने, म्हणजे प्लासिबोनेही, ती १८ टक्के घटली. खरा फायदा या दोन आकड्यांमधल्या फरकाएवढाच. पुढे डेन्मार्कमध्ये ९९ महिलांना १२ आठवडे ६ मिलिग्रॅमपर्यंतची मात्रा किंवा प्लासिबो देण्यात आला. २०२४मध्ये जाहीर झालेल्या त्या निष्कर्षांत वेदनेच्या बाबतीत औषध प्लासिबोपेक्षा ठोसपणे सरस ठरले नाही. क्रोन्सवरील अभ्यास छोटे आहेत आणि मल्टिपल स्क्लेरोसिसमधील निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत.

मोठे प्रयोग का होत नाहीत, याचे उत्तर बाजारात आहे. नालट्रेक्सोनचे पेटंट केव्हाच संपले. स्वस्त, जुन्या औषधावर कोट्यवधी रुपये खर्चून ते वसूल होणार नसतील, तर कंपन्या पुढे येत नाहीत.

त्यातूनच पुढची अडचण उभी राहते. अमेरिकेत रुग्णांना ही अल्प मात्रा मुख्यतः कम्पाउंडिंग फार्मसीकडून मिळते. तिथे डॉक्टरांच्या चिठ्ठीनुसार त्या रुग्णापुरती कॅप्सूल किंवा द्रावण बनवून देतात. पूर्वी आपल्याकडे दवाखान्यात कम्पाउंडर मिश्रणाच्या बाटल्या भरून देत, त्यातलाच हा प्रकार. सोय मोठी, पण अशा तयार औषधाची मंजुरीपूर्व तपासणी अमेरिकी औषध प्रशासन करत नाही. २०१२मध्ये तिथल्या एका कम्पाउंडिंग केंद्रातील दूषित स्टिरॉइड इंजेक्शनांमुळे बुरशीजन्य मेंदूज्वर पसरला आणि ६०हून अधिक रुग्ण दगावले. पोटात घ्यायच्या कॅप्सूलची जोखीम इंजेक्शनएवढी नसते, हे खरे. पण प्रत्येक कॅप्सूलमध्ये ४.५ मिलिग्रॅमच भरले आहे ना, हा प्रश्न उरतोच. घरी ५० मिलिग्रॅमची गोळी सुरीने कापून किंवा पाण्यात विरघळवून अंदाजाने मात्रा काढणे तर धोक्याचेच.

सर्वात महत्त्वाची खबरदारी ट्रॅमाडॉलबाबत घ्यायला हवी. आपल्याकडे सांधेदुखी, पाठदुखीसाठी ते सर्रास दिले जाते आणि ते अफूवर्गीय औषध आहे. कोडीन असलेली खोकल्याची औषधेही त्याच वर्गातली. ही औषधे शरीरात असताना नालट्रेक्सोन घेतले, तर त्यांचा परिणाम अडतो. नियमित घेणाऱ्याला तर अचानक उलट्या, घाम, थरथर अशी लक्षणे दिसू शकतात. शस्त्रक्रिया ठरली असेल, तर भूलतज्ज्ञांना हे औषध चालू असल्याचे आधी सांगावे लागते. एरवी झोप बिघडणे, ठळक स्वप्ने पडणे, डोकेदुखी हे त्रास आढळतात. यकृताचा आजार असल्यास डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे.

एखाद्या परिचिताला गुण आला, म्हणून ऑटोइम्यून आजाराची चालू औषधे सोडून एलडीएन धरणे महागात पडू शकते. त्या औषधांनी रोखून धरलेले सांध्यांचे, आतड्यांचे किंवा नसांचे नुकसान मागाहून भरून निघत नाही. डॉक्टरांनी सुचवलेच, तर कोणता त्रास किती महिन्यांत कमी व्हायला हवा, हे आधी ठरवावे, रोजची नोंद ठेवावी आणि गुण नसेल तर डॉक्टरांना सांगून औषध थांबवावे.