चौकट: न हलता दातांचा एक्स-रे कसा निघतो?

कुणासाठी? बौद्धिक अक्षमता म्हणजे आकलन आणि रोजचे व्यवहार, दोन्हींवर मर्यादा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांपैकी हा एक. दुखणं नेमकं कुठे हे अनेकांना सांगता येत नाही, म्हणून एक्स-रेचं महत्त्व अधिक.

अडतं कुठे? तोंडात ठेवायच्या नेहमीच्या फिल्मचा आकार 31×41 मिमी. तिची कड जिभेखाली रुतते, टाळूला लागून उबळ येते. लहान फिल्म 22×35 मिमी. ओपीजीत, म्हणजे संपूर्ण जबड्याच्या एक्स-रेत, फिल्म तोंडाबाहेर असते. पण यंत्र डोक्याभोवती फिरेपर्यंत, साधारण 15 सेकंद, स्थिर राहावं लागतं.

काय साधतं? आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं. रिकाम्या फिल्मने घरी सराव. पुढचे दात आधी, दाढा शेवटी.

किरणांचं काय? छोट्या एक्स-रेचा डोस जेमतेम काही मायक्रोसिव्हर्ट. निसर्गातून वर्षाला मिळतो सरासरी 2400 मायक्रोसिव्हर्ट. मात्र फोटो हलला, पुन्हा काढला, की डोस दुप्पट. तयारीला दिलेला वेळ इथे भरून निघतो.

मग भूलच का नको? तिला उपाशी पोट, भूलतज्ज्ञ आणि देखरेख लागते. म्हणून ती शेवटचा पर्याय.

धरायचं कुणी? कर्मचाऱ्यांनी नाही. गरजच पडली तर शिशाचा एप्रन घातलेल्या प्रौढ नातेवाइकाने, गर्भवतीने नाही.

पुण्यातल्या धायरीकरांना जवळ: वडगाव बुद्रुकचं सिंहगड दंत महाविद्यालय.

खर्च: केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ विमा योजना, वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंत.