दारुड्याच्या भूमिकेने ऑस्करपर्यंत नेलं, आजारपणात त्याच भूमिकेने पिच्छा पुरवला: डडली मूरची गोष्ट

'शराबी' पाहिला नाही असा माणूस आपल्याकडे शोधून सापडायचा नाही. १९८४ चा प्रकाश मेहरांचा पिक्चर. कोट्यधीश बापाचा एकुलता एक पोरगा, बापाच्या मायेला पारखा झालेला, त्यामुळे कायम बाटलीच्या संगतीत. त्याला लहानाचा मोठा करणारा मुन्शीजी. आणि नाचगाण्यावर पोट भरणाऱ्या एका मुलीवर जडलेला जीव. अमिताभचा भाजलेला डावा हात खिशात गेला आणि तीच स्टाईल झाली, हा किस्सा तर तुम्ही दहा वेळा ऐकला असेल.

आता त्याच्या मागची गोष्ट. 'शराबी'ची मूळ कल्पना आली होती १९८१ च्या 'आर्थर' या हॉलिवूडच्या पिक्चरमधून. तिथेही एक श्रीमंत, लाडावलेला दारुडा आहे. घरच्यांनी ठरवलेल्या मुलीशी लग्न केलं नाही तर ७५ कोटी डॉलरवर पाणी सोडायचं, अशी त्याला अट आहे. आणि त्याचा जीव जडलाय हॉटेलात वेटर म्हणून काम करणाऱ्या एका मुलीवर. मुन्शीजींच्या जागी आहे तिरकस बोलणारा म्हातारा बटलर.

आर्थर झालेला माणूस मात्र आपल्या अमिताभच्या अगदी उलट. उंची जेमतेम पाच फूट अडीच इंच, एक पाय दुसऱ्यापेक्षा बारीक आणि आखूड. नाव डडली मूर. मूळचा तो अभिनेता नव्हताच, तो होता संगीतकार.

मूरचा जन्म १९ एप्रिल १९३५ चा, लंडनचा. वाढला शहराच्या पूर्वेला असलेल्या डॅगनम या कामगारवस्तीत. वडील रेल्वेत इलेक्ट्रिशियन. पोरगं जन्मलं तेव्हा दोन्ही पावलं आत वळलेली होती. उजवं पाऊल सुधारलं, डाव्या पायाचा गुडघ्याखालचा भाग मात्र वाळलेलाच राहिला. लहानपणाचा मोठा काळ ऑपरेशनं आणि हॉस्पिटलच्या वॉर्डात गेला, त्यात बाहेर दुसरं महायुद्ध चालू. शाळेत गेल्यावर पोरं पायावरून आणि उंचीवरून चिडवायची. मग याने एक युक्ती शोधली. लोकांनी आपल्याला हसायच्या आधी आपणच त्यांना हसवायचं. पुढे मुलाखतींमध्ये त्याने हे अनेकदा सांगितलंय.

दुसरा आधार होता संगीताचा. सहाव्या वर्षी चर्चच्या गायकवृंदात, अकराव्या वर्षी लंडनच्या गिल्डहॉल या नामांकित संगीतशाळेची स्कॉलरशिप. तिथे व्हायोलिन, ऑर्गन, हार्प्सिकॉर्ड असं सगळं शिकला. चौदाव्या वर्षी चर्चमधल्या लग्नांत ऑर्गन वाजवून चार पैसे कमवायला लागला. नंतर ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजात ऑर्गनवादनाचीच शिष्यवृत्ती मिळवली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. चर्चमधला मोठा ऑर्गन आपल्या पेटीसारखा नुसत्या हातांनी वाजत नाही. त्याच्या खाली लाकडी पट्ट्यांची एक अख्खी रांग असते, ती दोन्ही पायांनी वाजवावी लागते. म्हणजे ज्या पायामुळे पोरं चिडवायची, त्याच पायाला कामाला लावून हा गडी ऑक्सफर्डला पोहोचला. माझ्या मते मूरच्या आयुष्यातली सगळ्यात भारी गोष्ट ही आहे, ऑस्करपेक्षाही.

ऑक्सफर्डमध्ये संगीताच्या दोन पदव्या घेतल्या, पण डोक्यात जॅझ भरलं होतं. एरॉल गार्नर आणि ऑस्कर पीटरसन हे त्याचे देव. जॉनी डँकवर्थच्या बँडमध्ये तो पियानो वाजवत असताना १९६० साल उजाडलं आणि गाडी वळली.

एडिंबराच्या महोत्सवात त्या वर्षी 'बियाँड द फ्रिंज' नावाचा प्रयोग झाला. ऑक्सफर्डचे दोन, केंब्रिजचे दोन, असे चार तरुण: डडली मूर, ॲलन बेनेट, पीटर कुक आणि जोनाथन मिलर. साधा रंगमंच, अंगावर साधे कपडे, आणि पंतप्रधानांपासून चर्चपर्यंत सगळ्यांची टर उडवायची. ब्रिटनमध्ये सत्तेवरच्या माणसाची अशी उघड नक्कल तोवर फारशी होत नव्हती. आज जगभर राजकीय स्टँडअप म्हणून जे चालतं, त्याच्या मुळांशी हा प्रयोग आहे. पुढे तो लंडन आणि मग न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरही गाजला.

बाकी तिघे शब्दांनी हसवायचे, मूर पियानोने. त्याचा सगळ्यात गाजलेला आयटम असा: 'ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' सिनेमात सैनिक जी शिट्टी वाजवत येतात, ती 'कर्नल बोगी'ची धून घ्यायची आणि ती बीथोव्हेनची गंभीर रचना असल्यासारखी वाजवायची. पुढे गंमत म्हणजे रचना संपतच नाही. शेवटचा सूर आला असं वाटतं, लोक टाळ्यांसाठी हात उचलतात आणि हा परत सुरू. संपवतो, परत सुरू. बिचाऱ्याला शेवटच सापडत नाही. हे कुणालाही हसवतं, पण करायला बीथोव्हेन कोळून प्यायलेला असावा लागतो. आपल्याकडे पु. ल. देशपांडे पेटी वाजवायचे, चाली लावायचे आणि रंगमंचावर एकट्याने अख्खं थिएटर हसवायचे. मूरचं रसायन समजायला ती ओळख उपयोगी पडते.

या चौघांतून पीटर कुक आणि मूर यांची जोडी जमली. १९६५ पासून बीबीसीवर 'नॉट ओन्ली... बट ऑल्सो' हा त्यांचा कार्यक्रम लागायचा. त्यात पीट आणि डड नावाची दोन पात्रं. डोक्यावर टोपी, अंगात मळका कोट, आणि ज्यातलं काहीही कळत नाही अशा विषयांवर गंभीर चर्चा. कुक ऐन वेळी नवं काहीतरी सोडून द्यायचा आणि मूरला कॅमेऱ्यासमोर हसू आवरायचं नाही. लोकांना तेच जास्त आवडायचं. दुर्दैव असं की तेव्हा टेप महाग होत्या, म्हणून बीबीसीने त्या पुसून पुन्हा वापरल्या. या मालिकेचे कितीतरी भाग कायमचे गेले.

या सगळ्यात पियानो सुटला नव्हता. डडली मूर ट्रायो नावाने त्याचं जॅझ त्रिकूट रेकॉर्ड काढत होतं. १९६७ च्या 'बीडॅझल्ड' सिनेमात तो हिरोही होता आणि संगीतकारही.

सत्तरच्या दशकात ही जोडी अमेरिकेत गेली. कुक परत आला, मूर तिथेच राहिला. १९७९ मध्ये ब्लेक एडवर्ड्सने त्याला '१०' मध्ये घेतलं. खरं तर ती भूमिका आधी जॉर्ज सीगलची होती, त्याने काम सोडलं. सिनेमातला हिरो चाळिशीत बिथरलेला संगीतकार. चव्वेचाळीस वर्षांचा, बुटका, लंगडणारा मूर रातोरात हॉलिवूडचा रोमँटिक हिरो झाला. दोन वर्षांत 'आर्थर' आला. त्याने गोल्डन ग्लोब मिळवून दिला आणि ऑस्करचं नामांकनही. ऑस्कर मात्र गेलं हेन्री फोंडाकडे. 'आर्थर'च्या वाट्याला दोन ऑस्कर आले, एक बटलर झालेल्या जॉन गिलगुडना आणि एक गाण्याला.

मूरचा झिंगलेला आर्थर लोकांच्या डोक्यात इतका बसला की त्याला तशाच भूमिका येऊ लागल्या. 'आर्थर'चा दुसरा भाग १९८८ मध्ये आला आणि आपटला. खाजगी आयुष्यही सरळ नव्हतं. चार लग्नं झाली, चारही मोडली. १९९४ मध्ये जोडीदाराला मारहाण केल्याच्या आरोपावरून अटकही झाली. खटला उभा राहिला नाही, पण हा भाग वगळून त्याची गोष्ट सांगणं बरोबर नाही.

या जोडीतला दारूत बुडालेला माणूस मूर नव्हताच, तो होता पीटर कुक. दारूने त्याचं यकृत संपवलं आणि जानेवारी १९९५ मध्ये तो गेला.

त्याच सुमाराला मूरचं काहीतरी बिनसायला लागलं. बोलताना जीभ जड व्हायची, चालताना तोल जायचा. बार्बरा स्ट्रायसँडच्या सिनेमात काम मिळालं होतं, पण संवाद लक्षात राहीनात म्हणून त्याला काढून टाकलं. बोटं तर त्याआधीच पियानोवर ऐकेनाशी झाली होती. आणि बघणाऱ्यांनी काय निष्कर्ष काढला असेल? अडखळत बोलतो, झोकांड्या खातो, आणि माणूस कोण, तर आर्थर! याने घेतलेली आहे. हॉलिवूडमध्ये तशीच चर्चा पसरली आणि कामं बंद झाली.

खरं कारण ३० सप्टेंबर १९९९ ला त्याने स्वतः जाहीर केलं. आजाराचं नाव प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी, थोडक्यात पीएसपी. मेंदूत टाऊ नावाचं एक प्रथिन असतं, ते या आजारात पेशींमध्ये साचत जातं. तोल, डोळ्यांची हालचाल, बोलणं आणि गिळणं सांभाळणारे मेंदूचे भाग हळूहळू निकामी होतात. माणूस अचानक पडतो, बऱ्याचदा मागच्या बाजूला. डोळे खाली वळवता येत नाहीत, म्हणून जिन्याची पायरी किंवा ताटातला घास दिसत नाही. सुरुवातीला डॉक्टरांनाही हा पार्किन्सन्स वाटू शकतो. १९६४ पासून वैद्यकशास्त्राला हा आजार ठाऊक आहे, पण तो थांबवणारं औषध अजून सापडलेलं नाही.

ही बातमी सांगतानाही त्याच्यातला विनोदवीर जागा होता. त्याचं गणित असं: हा आजार लाखात एकाला होतो, आमच्या अभिनेत्यांच्या संघटनेचे सभासद एक लाख आहेत, म्हणजे मला झाला तर बाकीचे ९९,९९९ वाचले. नंतर बार्बरा वॉल्टर्सला दिलेल्या टीव्ही मुलाखतीत तो अशा अर्थाचं म्हणाला की आर्थर माझ्या अंगात शिरला आणि शेवटी मीच तो झालो.

शेवटची वर्षं तो न्यू जर्सीत राहिला, पियानोवादक मैत्रीण रीना फ्रुख्टर यांच्या घराशेजारी. तब्येत ठीक होती तेव्हा दोघांनी मिळून 'म्युझिक फॉर ऑल सीझन्स' ही संस्था उभी केली होती. हॉस्पिटल, वृद्धाश्रम, तुरुंग अशा ठिकाणी अडकलेल्यांपर्यंत मैफिली नेणं हे तिचं काम. ज्याचं बालपण वॉर्डात गेलं, त्याला हे सुचलं यात नवल नाही.

नोव्हेंबर २००१ मध्ये ब्रिटनचा सीबीई हा सन्मान घ्यायला तो बकिंगहॅम पॅलेसमध्ये व्हीलचेअरवर आला. प्रवास झेपणार नाही असं सांगणारे होते, तरी आला. युवराज चार्ल्सनी सन्मान दिला तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

२७ मार्च २००२ ला न्यूमोनियाने तो गेला. वय ६६. फ्रुख्टर तेव्हा जवळ होत्या. सगळीकडून संगीत ऐकू येतंय, असं काहीसं तो शेवटी म्हणाला, असं त्यांनी लिहून ठेवलंय.