जन्मसालाचा खेळ

११ ऑक्टोबर २०२२ रोजी भुवनेश्वरच्या कलिंग मैदानावर भारताचा १७ वर्षांखालील मुलींचा संघ विश्वचषकातला आपला पहिला सामना खेळला आणि अमेरिकेकडून ०-८ असा हरला. मग मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५. तीन सामन्यांत १६ गोल खाल्ले, केला एकही नाही. तीन वर्षांनी, ऑक्टोबर २०२५ मध्ये, किर्गिझस्तानातल्या बिश्केकला भारताच्या १७ वर्षांखालील संघाने दोन्ही सामने जिंकून आशियाई स्पर्धेतली जागा मिळवली. वाचणाऱ्याला वाटावं, मुली हरल्या, शिकल्या, सुधारल्या. पण या दोन संघांत एकही मुलगी समान नव्हती, असूच शकत नव्हती.

वयोगटाचा संघ चालतो तो जन्मसालावर. २०२२ च्या विश्वचषकात १ जानेवारी २००५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलींनाच खेळता येत होतं, आणि खालची मर्यादा होती २००७ अखेरची. बिश्केकची स्पर्धा २०२६ च्या विश्वचषकाच्या वाटेवरची, म्हणून तिथे २००९ किंवा त्यानंतरचा जन्म हवा. म्हणजे पहिल्या संघातली सगळ्यांत लहान मुलगीही दुसऱ्या संघासाठी मोठीच ठरली असती. वरिष्ठ संघात एखादी खेळाडू दहा-बारा वर्षं टिकते, पराभवातून शिकते, पुढच्या वेळी परतफेड करते. इथे ती सोय नाही. त्यामुळे या संघाच्या कामगिरीचा तक्ता म्हणजे एकाच संघाची प्रगती नव्हे. एकामागून एक येणाऱ्या तुकड्यांची ती नोंद असते.

या हिशेबात एक गंमत आहे, आणि ती काही मुलींना फार महागात पडते. २००८ मध्ये सुरू झालेला हा विश्वचषक दर दोन वर्षांनी होत असे, तोही सम वर्षी. २००५ साली जन्मलेली मुलगी २०२२ मध्ये गटातली सर्वांत मोठी, भरलेल्या अंगाची. २००६ ची मुलगी त्याच स्पर्धेत एका वर्षाने लहान. आणि २०२४ च्या स्पर्धेला २००७ ची मर्यादा लागली तेव्हा ती बाद. म्हणजे तिला ऐन भराचं वर्ष मिळालंच नाही. या वयात एक वर्ष म्हणजे उंचीत, ताकदीत, धावण्यात केवढा फरक! सम सालात जन्म घेण्याची ही शिक्षा बरीच वर्षं मुकाट चालली. २०२५ पासून ही स्पर्धा दरवर्षी होऊ लागली, २०२९ पर्यंत मोरोक्कोतच, आणि संघही १६ ऐवजी २४ झाले. आता प्रत्येक जन्मसालाला आपली पाळी मिळते. एरवी वेळापत्रक वाढलं की खेळाडूंच्या दमछाकीची चिंता वाटते. इथे मात्र मला हा बदल रास्त वाटतो.

जन्मसालाची खरी क्रूरता दिसली २०२० मध्ये. तेव्हाचा विश्वचषक भारतात व्हायचा होता. त्यासाठी स्वीडनचे थॉमस डेनर्बी प्रशिक्षक म्हणून आले होते. करोनामुळे स्पर्धा आधी पुढे गेली, मग रद्दच झाली. यजमानपद २०२२ साठी पुन्हा भारताला मिळालं, पण २००३ आणि २००४ मध्ये जन्मलेल्या मुलींना त्याचा काय उपयोग? त्यांच्या नावापुढे त्या तक्त्यात पराभवसुद्धा नाही. २०२२ चंही जवळजवळ हातचं गेलं होतं. त्या ऑगस्टमध्ये बाहेरच्या हस्तक्षेपाचं कारण देऊन फिफाने भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केलं. दहा-अकरा दिवसांत बंदी उठली म्हणून निभावलं.

तर मग ते ०-८. ते वाचताना पाहायचं, संघ तिथे पोहोचला कसा. यजमानाला थेट प्रवेश असतो. भारत पात्रता फेऱ्या खेळून, आशियात वरचा क्रमांक मिळवून तिथे गेलेला नव्हता. झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली अष्टम उराव कर्णधार होती, पुण्याची काजोल डिसोझा संघात होती. युरोपचे दौरे झाले, लांबलचक शिबिरं झाली. पण शिबिरात दम वाढतो, शिस्त येते. चुरशीचे सामने दर आठवड्याला खेळून जी नजर तयार होते ती शिबिरात येत नाही. तरीही मोरोक्कोविरुद्ध मध्यंतराला ०-० होतं. मोरोक्कोचाही हा पहिलाच विश्वचषक होता, फक्त तो आफ्रिकेतल्या फेऱ्या जिंकून आला होता. दुसऱ्या अर्ध्यात तीन गोल झाले. माझ्या मते त्या तीन निकालांत बोलका हाच आहे. अमेरिकेचे आठ गोल त्या मानाने फारसं काही सांगत नाहीत.

स्पर्धा मात्र आपल्याकडे रंगली. उपांत्य सामने मडगावच्या फातोर्ड्याला झाले, आणि ३० ऑक्टोबरला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर अंतिम सामन्यात स्पेनने कोलंबियाला १-० ने हरवलं, तेही स्वयंगोलावर.

यजमानपद नसेल तर वाट आशियातून जाते, आणि ती वाट सोपी नाही. २०२५ पर्यंत हा विश्वचषक नऊ वेळा झाला. त्यातले सहा आशियाने जिंकले. उत्तर कोरियाने २००८, २०१६, २०२४ आणि २०२५ मध्ये, दक्षिण कोरियाने २०१० मध्ये, जपानने २०१४ मध्ये. उरले ते फ्रान्स आणि स्पेनचे. म्हणजे जगातले सर्वांत तगडे संघ भारताच्या वाटेत जगापर्यंत पोहोचण्याआधीच उभे असतात.

चीनमधल्या २०२६ च्या आशियाई स्पर्धेत १२ जागा होत्या. यजमान चीन आणि २०२४ मधले पहिले तीन, म्हणजे उत्तर कोरिया, जपान व दक्षिण कोरिया, यांना थेट प्रवेश. राहिल्या आठ; त्यांसाठी आठ गट, आणि प्रत्येक गटातून फक्त पहिला. भारताच्या गटात तीनच संघ होते, त्यामुळे दोन सामन्यांत सगळा निकाल. किर्गिझस्तानला त्यांच्याच मैदानावर २-१ असं हरवलं. उझबेकिस्तानविरुद्ध आधी गोल खाल्ला, मग तंदामोनी बास्केने बरोबरी साधली आणि अनुष्का कुमारीने विजयी गोल केला. ही पात्रता २० वर्षांनी आली. ती तक्त्यात एका ओळीची नोंद आहे, पण २०२२ च्या थेट प्रवेशापेक्षा तिचं मोल जास्त.

त्याआधी दोन महिने भूतानमध्ये ‘सॅफ’ची, म्हणजे दक्षिण आशियाई देशांची, १७ वर्षांखालील स्पर्धा भारताने जिंकली होती. नेपाळ आणि भूतानविरुद्धचे सात-सात, आठ-आठ गोल पाहून हुरळून जाऊ नये. त्या स्पर्धेतली खरी परीक्षा बांगलादेशची. एक सामना २-० ने जिंकला, दुसरा ३-४ असा हरला. या दोन संघांची चुरस कुठवर जाते ते २०२४ मध्ये ढाक्याला दिसलं. १९ वर्षांखालील अंतिम सामना १-१, मग पेनल्टीत ११-११, दोन्ही गोलरक्षकांसकट सगळ्यांनी गोल केलेले. तेव्हा चक्क नाणेफेक झाली, कौल भारताला मिळाला, बांगलादेशने आक्षेप घेतला आणि शेवटी दोघांना संयुक्त विजेते ठरवलं. पेनल्टी पुढे चालूच ठेवायच्या असतात, तरी नाणेफेक का झाली, देव जाणे.

तक्त्यात न दिसणारा शेवटचा भाग म्हणजे १७ नंतरचं काय. पुढची पायरी २० वर्षांखालील संघाची. त्या संघाने ऑगस्ट २०२५ मध्ये म्यानमारला त्यांच्याच देशात १-० ने हरवून २०२६ ची आशियाई स्पर्धा गाठली, २००६ नंतर प्रथमच. पण तिथे मर्यादा होती १ जानेवारी २००६ ची. कलिंगवर अमेरिकेला सामोऱ्या गेलेल्या २००५ च्या मुलींना तीही वाट बंद. त्यांच्यासाठी उरतो थेट वरिष्ठ संघ. त्या संघाने जुलै २०२५ मध्ये थायलंडला २-१ असं हरवून ऑस्ट्रेलियातल्या आशियाई चषकाचं तिकीट मिळवलं, आणि तिथे जन्मसाल कोणी विचारत नाही.