तपासणारे यंत्र काय तपासू शकते?

शाळेची वार्षिक तपासणी आपल्या परिचयाची आहे. हजेरीपट आहे का, टाचणवही पूर्ण आहे का, पाण्याची सोय आहे का, या प्रश्नांची उत्तरे 'होय' किंवा 'नाही' अशी देता येतात. पण मुलांना अपूर्णांक खरोखर समजले का, हे असे एका खुणेने सांगता येत नाही. सॉफ्टवेअरची तपासणी करणाऱ्या प्रोग्रामपुढेही हीच अडचण असते. सॉफ्टवेअर लिहिण्याचे काम आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या 'एजंटां'कडे जाऊ लागले आहे, त्यामुळे ही अडचण नीट समजून घ्यायला हवी.

ओळी वाचणारा प्रोग्राम

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ मध्ये 'लिंट' नावाचा प्रोग्राम तयार केला. लिंट म्हणजे कपड्याला चिकटलेले बारीक तंतू. हा प्रोग्राम दुसरा प्रोग्राम न चालवता फक्त त्याच्या ओळी वाचून संशयास्पद जागा दाखवी. उदाहरणार्थ, एखाद्या चलाला किंमत न देताच तो वापरला आहे, किंवा एखादी ओळ कधीच अमलात येणार नाही.

अशा तपासणीचा उपयोग किती आणि मर्यादा कोणत्या, हे २०१४ मधील दोन घटनांवरून कळते. फेब्रुवारीत ॲपल कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये एक चूक उघड झाली. 'तपासणी फसल्यास शेवटच्या भागाकडे जा' अशा अर्थाची एक ओळ दोनदा लिहिली गेली होती. पहिल्या ओळीला अट होती, दुसरीला नव्हती. त्यामुळे प्रोग्राम दर वेळी थेट शेवटी उडी मारी. समोरच्या संगणकाची ओळख पटवणारी महत्त्वाची पायरी गाळली जाई आणि निकाल मात्र 'ठीक' असा येई. मधल्या ओळी कधीच अमलात येत नव्हत्या, म्हणजे ही चूक यंत्राला ओळखता येण्याजोगीच होती.

एप्रिलमध्ये 'हार्टब्लीड' ही चूक जाहीर झाली. ओपन-एसएसएल या सॉफ्टवेअरमध्ये ती २०१२ पासून होती. एक संगणक दुसऱ्याला म्हणे, "हा घ्या चार अक्षरी शब्द. यात हजारो अक्षरे आहेत, ती सगळी परत पाठवा." दुसरा संगणक अक्षरे न मोजता सांगितलेल्या आकड्यावर विश्वास ठेवी आणि स्मृतीतील शेजारची माहितीही देऊन टाकी. एका वेळी अशी ६४ किलोबाइटपर्यंत माहिती बाहेर पडू शके, आणि तीत पासवर्डही असू शकत. कव्हेरिटी या प्रसिद्ध तपासणी-प्रोग्रामला ही चूक सापडली नव्हती. माणसांनी ती शोधल्यावर तशा चुका पकडण्याची रीत त्यात घातली गेली. माणसाने नियम शोधावा आणि यंत्राने तो न कंटाळता लाखो ओळींना लावावा, अशी ही कामाची वाटणी आहे.

एजंट आल्यावर काय बदलले?

एजंटाला आपण एखादे काम सांगतो. मग तो प्रकल्पातील फायली वाचतो, बदल करतो, चाचण्या चालवतो आणि निकाल पाहून पुन्हा बदल करतो. नव्याने आलेला कर्मचारी अडला तर शेजाऱ्याला विचारतो. एजंट मात्र पुष्कळदा अंदाज बांधून पुढे जातो. म्हणून एजंटांसाठी सूचनांची वेगळी फाईल ठेवण्याची पद्धत २०२५ मध्ये रूढ होऊ लागली.

प्रकल्प एजंटाच्या हाती देण्यायोग्य आहे का, हेही आता प्रोग्रामने तपासता येते. सूचनांची फाईल आहे का? तिच्यात नमूद केलेले फोल्डर खरोखर आहेत का? दिलेली आज्ञा चालते का? चाचण्या एकाच आज्ञेने सुरू होऊन संपतात का? पासवर्ड फायलीत उघडे पडलेले नाहीत ना? फाईल असणे पुरेसे नाही. तिच्यातील आज्ञा चालवून पाहिली, तरच सूचना जुनी झाली आहे हे कळते.

पास झाला, पण बरोबर आहे का?

समजा, एजंटाला मूळ संख्या ओळखणारा प्रोग्राम लिहायला सांगितला. चाचण्या चारच आहेत: ७ होय, ८ नाही, ११ होय, १२ नाही. आता 'संख्या विषम असेल तर मूळ' एवढाच नियम लिहिला तरी चारही चाचण्या पास होतात! पण हा प्रोग्राम ९ ला मूळ म्हणेल आणि २ ला मूळ म्हणणार नाही. हे उदाहरण केवळ काल्पनिक नाही. कामाचा हेतू साधण्याऐवजी फक्त चाचण्या पास होतील असे काहीतरी लिहिण्याची प्रवृत्ती एजंटांमध्ये आढळते, असे ते बनवणाऱ्यांनीच २०२५ मध्ये नोंदवले आहे. मोजमाप हेच ध्येय झाले की त्याचा भरवसा उरत नाही, असा विचार ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये मांडला होता.

यावर उपाय आहेत. काही चाचण्या एजंटाला न दाखवता राखून ठेवाव्यात. चाचण्या बदलण्याची मुभा त्याला देऊ नये. केलेला बदल माणसाने वाचावा. पण कोणतीही चूक सुटणार नाही असा परिपूर्ण तपासनीस मात्र कधीच बनणार नाही. दिलेला कोणताही प्रोग्राम थांबेल की नाही हे नेहमी अचूक सांगणारी एकच रीत असू शकत नाही, हे ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये सिद्ध केले. हेन्री राइस यांनी १९५३ मध्ये दाखवले की प्रोग्रामच्या वर्तनाविषयीच्या इतर प्रश्नांनाही हीच मर्यादा लागू पडते. ही उणीव यंत्राच्या वेगाची नाही, ती गणितातूनच येते.

वर्गात हे करून पाहता येईल. एका गटाने 'त्रिकोणाच्या तीन बाजू दिल्यास तो समभुज आहे का' या प्रश्नासाठी पाच चाचण्या लिहाव्यात. दुसऱ्या गटाने त्या पाचही पास होतील, पण उत्तर चुकेल, असा नियम शोधावा. मग पहिल्या गटाने सहावी चाचणी लिहावी. दोनतीन फेऱ्यांतच विद्यार्थ्यांच्या लक्षात येईल की चांगली चाचणी लिहिण्यासाठी आधी विषय समजावा लागतो.