शह ते चेक : एका इंग्रजी शब्दाचे फारसी कूळ

बँकेत वटवायचा चेक, चौकटीच्या कापडाचा चेक्सचा शर्ट, रेल्वेतला तिकीट चेकर आणि दवाखान्यातले चेकअप हे शब्द मराठीत इतके रुळले आहेत की, त्यांचे मूळ एकच असावे अशी शंकाही सहसा कोणाला येत नाही. व्युत्पत्तीचा, म्हणजे शब्दाच्या उगमाचा, माग काढत गेल्यास मात्र हे सारे अर्थ बुद्धिबळाच्या पटावर येऊन मिळतात, आणि तिथे जो मूळ शब्द हाती लागतो तो मराठीला मुळीच परका नाही. तो 'शह' आहे.

भारतातील चतुरंग हा खेळ सासानी राजवटीत इराणात पोहोचून 'चतरंग' झाला, सातव्या शतकात अरबांनी इराण जिंकल्यावर त्याचे 'शतरंज' झाले आणि पुढे स्पेन व इटलीच्या वाटेने तो युरोपात गेला. प्रतिस्पर्ध्याच्या राजावर रोख धरला की 'शाह', म्हणजे 'राजा', असे म्हणून त्याला सावध करण्याची फारसी रीत खेळाबरोबरच गेली. मध्ययुगीन लॅटिनमध्ये या शब्दाचे 'स्काकस' झाले, जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेक' आणि इंग्रजीत 'चेक'. खेळाचे 'चेस' हे नावही त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनातून आले. 'चेकमेट' हे 'शाह मात'चे रूप आहे. त्यातल्या 'मात'चा अर्थ 'मेला' असा अरबीवरून सर्रास सांगितला जातो. परंतु फारसीत 'मात' म्हणजे हतबल, आणि या खेळात राजा मारला जात नाही, कोंडला जातो, हे ध्यानात घेतले तर फारसी अर्थच अधिक पटतो.

शह मिळालेल्या खेळाडूला बाकीचे सारे बेत सोडून आधी राजा वाचवावा लागतो. या सक्तीच्या थांबण्यातूनच 'चेक'ला अटकाव हा अर्थ आला, अटकावातून अंकुश, अंकुशातून नियंत्रण, आणि नियंत्रणासाठी पडताळणी लागते म्हणून सतराव्या शतकाच्या सुमारास तपासणी हा आज सर्वाधिक वापरातला अर्थ रूढ झाला. कापडावरच्या चौकटींचा अर्थ खेळातून नव्हे, तर खुद्द पटाच्या घरांवरून आला आहे.

शब्दाची खरी मिरास मात्र इंग्लंडच्या राजकोषात दिसते. दुसऱ्या हेन्रीचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात राजकोषाच्या कामकाजावर लॅटिनमध्ये संवादरूप ग्रंथ लिहिला, आणि त्यात हिशेबाच्या मेजाचे बारकाईने वर्णन केले आहे. हे मेज सुमारे १० फूट लांब आणि ५ फूट रुंद असून, त्यावर ठेवलेले काही खाली पडू नये म्हणून त्याच्या कडा चार बोटे उंच ठेवलेल्या होत्या, आणि त्यावर रेघा आखलेले काळे कापड अंथरले जाई. परगण्याचा वसूल आणणारा शेरीफ आणि खजिनदार या मेजाशी बसत; पेनी, शिलिंग, पौंड, मग वीस, शंभर, हजार पौंड अशा रकान्यांत सोंगट्या मांडून येणे आणि भरणा यांचा मेळ घातला जाई. चौकटींमुळे या मेजाला बुद्धिबळाच्या पटाचे लॅटिन नाव मिळाले, त्यावरून खात्याला 'एक्स्चेकर' म्हणू लागले, आणि ब्रिटनच्या अर्थमंत्र्याच्या पदनामात आजही तो शब्द आहे. खजिनदार आणि शेरीफ यांच्यात या पटावर जणू बुद्धिबळाचीच लढत होते, असे फिट्झनील स्वतःच सुचवतो. कर देणाऱ्या आणि घेणाऱ्यांच्या नात्याचे इतके नेमके निरीक्षण त्या काळच्या सरकारी लेखनात विरळाच.

बँकेचा चेक पुढे अठराव्या शतकात आला. बनावट कागद ओळखता यावा म्हणून जपून ठेवलेल्या स्थळप्रतीला प्रथम 'चेक' म्हणत, कारण तिच्यामुळे लबाडीला आळा बसे. नंतर ते नाव मूळ कागदालाच चिकटले. ब्रिटिशांनी 'एक्स्चेकर'च्या धर्तीवर त्याचे स्पेलिंग बदलले, अमेरिकेने जुनेच ठेवले. हा शब्द फारसी 'चक' किंवा त्यावरून आलेल्या अरबी 'सक्क', म्हणजे दस्तऐवज, यांपासून आला असे मत अनेकदा मांडले जाते आणि ते आकर्षकही आहे. पण इंग्रजीतला स्थळप्रतीचा जुना अर्थ पाहता ते टिकत नाही. चेक प्रजासत्ताकातला 'चेक' तर या कुळातलाच नव्हे. ते एका स्लाव्ह लोकसमूहाचे नाव आहे.

मराठीत हा शब्द दोन वाटांनी आला. चतुरंग भारतातूनच बाहेर गेला होता, तरी मराठी पटावर राजा, हत्ती, घोडा आणि उंट यांच्या शेजारी वजीर आणि प्यादे उभे राहतात, ते फारसीतून आलेले आहेत. शह आणि मातही त्यांच्यासोबत आले, आणि 'काटशह' घडवून मराठीने त्यांत स्वतःची भर घातली. दुसरी वाट इंग्रजी अमलाची होती, आणि चलनक्षम दस्तऐवजांच्या १८८१ च्या कायद्याने कलम ६ मध्ये ज्याची व्याख्या केली तो चेक त्या वाटेने आला. कागदोपत्री त्याला 'धनादेश' हा संस्कृत प्रतिशब्द देण्यात आला, पण बोलताना बँकेच्या खिडकीशी चेकच वटतो, आणि 'शह' त्याच्या घरातलाच आहे याची ओळख दोन्ही शब्द रोज वापरणाऱ्या मराठी भाषकाला करून देणारे पुस्तक शाळेत त्याच्या हाती पडत नाही.