कणांच्या शोधात (लेखांक ७) : तीस मायक्रोसेकंदांचा पंचनामा

अमरावतीहून निघालेल्या प्रकाशाला बडनेरा गाठायला साधारण तीस मायक्रोसेकंद लागतात. जपानमधल्या त्सुकुबाच्या सुपरकेईकेबी या यंत्रात तेवढ्याच वेळात धडधाकट कणझोत नाहीसा होऊ लागला. तोही एकदा नव्हे, वारंवार.

मागच्या लेखांकात या यंत्राची ओळख झाली. तीन किलोमीटरच्या वर्तुळात एका नळीतून इलेक्ट्रॉन आणि दुसरीतून पॉझिट्रॉन उलट दिशांनी धावतात. एका फेरीला दहा मायक्रोसेकंद. झोतातून थोडी गळती होणे नेहमीचेच. इथे मात्र दोन-तीन फेऱ्यांत त्याचा मोठा भाग भिंतीवर आदळे. एक अँपिअरच्या पॉझिट्रॉन झोतात सुमारे ४० किलोज्यूल ऊर्जा असते. धोका दिसताच झोत बाहेर काढणारी यंत्रणा होती, पण तिला हालचाल करायलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. मे २०२४ मध्ये अशा दोन घटनांनी कणांच्या धडका टिपणाऱ्या बेल-२ शोधकाच्या सर्वांत आतल्या पिक्सेल भागाला इजा केली आणि तो बंद ठेवावा लागला. त्याच्याच भोवती असलेल्या सिलिकॉन शोधकाचा चौथा थर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या (टीआयएफआर) गटाने घडवलेला आहे. म्हणजे हा प्रश्न आपल्याही घरचा.

गुन्हेगार शोधायचा कसा? साधे मापक सरासरी दाखवतात, आणि सरासरीत तीस मायक्रोसेकंद बुडून जातात. झोत सलग नसतो, कणांच्या पुंजक्यांचा असतो; म्हणून प्रत्येक पुंजक्याची जागा प्रत्येक फेरीला टिपणारे रेकॉर्डर बसवले गेले. दोन पुंजक्यांत अंतर जेमतेम चार नॅनोसेकंद! रेकॉर्डरची मेमरी सतत जुने पुसून नवे लिहिते. झोत बाद झाल्याचा संकेत मिळाला की ती गोठते आणि शेवटच्या फेऱ्या हाती राहतात. वर्तुळभरच्या गळतीमापकांची घड्याळेही एकमेकांशी जुळवली, म्हणजे गळती आधी कुठे सुरू झाली ते कळावे. नोंदींनी महत्त्वाची गोष्ट सांगितली: झोत हळूहळू डगमगत गेलेला नव्हता, घाव अचानक बसला होता. काही घटनांत नळीतला दाबही त्याच वेळी उसळला होता.

पुढे नळ्या उघडल्या, तर काही जोडांजवळ काळे डाग आढळले. निर्वात जोड गळू नयेत म्हणून लावलेल्या सीलंटचे ते अवशेष होते. त्याचे कण झोतात पडतात, असा मुख्य संशय आता आहे. अकोल्याच्या जिनिंगमध्ये कापसातून आलेल्या एका खड्याची ठिणगी अख्खी गंजी पेटवू शकते. तसाच हा प्रकार. जिनीव्याच्या एलएचसी या कणत्वरकातही २०१० पासून धुळीचे कण असाच त्रास देत आले आहेत. तिथे २७ किलोमीटरच्या वर्तुळावर सुमारे ३,६०० आयनीभवन कक्ष पहारा देतात आणि ४० मायक्रोसेकंदांत झालेली गळतीही टिपतात.

या शोधात भौतिकशास्त्रज्ञांइतकेच काम एफपीजीए चिप आणि वेगवान डिजिटायझर जाणणाऱ्यांनी केले आहे. अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांत इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या मुलामुलींनी हे क्षेत्र भौतिकवाल्यांचे म्हणून सोडून देऊ नये. टीआयएफआरच्या उन्हाळी प्रशिक्षणाच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे आणि अर्ज करावा.